शालनबाई कुमामोतो पार करतात

सकाळी दहाला पाच कमी असताना केतकीने आईच्या मानेवरची पट्टी मुकी केली आणि भर बाजारात कोणीतरी हात सोडून निघून जावं, तसं शालनबाईंना झालं.

"झालं बंद?" त्यांनी विचारलं.

"ओढ बंद. भाषांतरही बंद. मेंदूचं ऐकणं तेवढं चालू आहे," केतकी म्हणाली. "आई, नको वाटत असेल तर आत्ताच सांग. मी डॉक्टरांना कळवते."

"आता काय नको वाटायचंय? तेहेतीस वर्षं एसटीत काढली मी. तू जा की."

केतकीचा पाय निघत नव्हता. तिने आईच्या हातातला कागद पुन्हा एकदा वाचून दाखवला. घरासमोरच्या थांब्यावर बस. अकरा थांबे मोजायचे, बाराव्याला उतरायचं. समोर किल्ला. किल्ला बघायचा, मग ट्राम, मग डॉक्टर मोरींची प्रयोगशाळा. वेळ एक वाजेपर्यंत. कुठे अडलंच तर कानामागचं बटण दाबून धरायचं, की ओढ सुरू. पण तशी ती सुरू झाली की परीक्षा तिथेच संपली.

परीक्षा कसली आणि कशासाठी, हे दोघींनाही नीट माहीत होतं.

शालन गुरव, वय बासष्ट, गारगोटी आगाराच्या निवृत्त कंडक्टर. दोन वर्षांपूर्वी त्यांना मेंदूज्वर झाला. ताप उतरला, बोलणं-चालणं सगळं जागेवर आलं, पण एक गोष्ट परत आली नाही. बाजारातून घराकडे निघालेल्या बाई स्वतःची गल्ली ओलांडून पुढे गेल्या आणि कुणाच्या तरी पायरीवर दोन तास बसून राहिल्या. आख्ख्या तालुक्याच्या वाटा पाठ असलेल्या बाईला घर सापडेना. नवी नावंही डोक्यात टिकेनात. त्यानंतर पुण्याहून विश्वजित, म्हणजे त्यांचा मुलगा, ही पट्टी घेऊन आला.

पट्टीत तसं नवल राहिलं नव्हतं. शहरातल्या निम्म्या माणसांच्या मानेवर ती होतीच. आपला तोल सांभाळणारं इंद्रिय कानाच्या आत असतं. कानामागून अगदी सौम्य वीज सोडली, की त्या इंद्रियाला वाटतं आपण कलतोय, आणि शरीर नकळत दुसऱ्या बाजूला पाऊल टाकतं. डावीकडे वळायचं असलं की डावीकडे ओढ लागते. नकाशा बघायला नको, पाटी वाचायला नको, कुणाला विचारायला नको. माणसाला वाटतं आपल्याच मनाने आपण वळलो. जगभर पर्यटकांना तर ती देवासारखी भेटली. अनोळखी शहरात, अनोळखी लिपीत, माणसं डोळे मिटल्यागत बस आणि गाड्या बदलू लागली.

शालनबाईंचंही दोन वर्षं त्यावरच चाललं होतं. पण एकदा चार्जिंग संपलं आणि बाई नदीच्या काठाला सापडल्या. मग विश्वजितने ठरवलं, आता एकटं राहणं पुरे. तळेगावला ज्येष्ठांसाठी चांगली जागा होती, बाग होती, फाटकावर पहारेकरी होता. गारगोटीचं घर भाड्याने द्यायचं. केतकीने मध्ये पडून एवढंच मिळवलं, की आईला आधी जपानला नेऊ, वाटा हरवलेल्या माणसांवर काम करणारे डॉक्टर मोरी काय म्हणतात ते बघू, आणि मोरी म्हणतील ते सगळ्यांनी मानायचं. केतकी कुमामोतोत चिप बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं इंजिनिअर होती आणि डॉक्टर मोरींच्या उपकरणातला एक बारीक भाग तिच्याच हातून तयार झाला होता.

शालनबाईंना बागेचं वावडं नव्हतं. पण फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारून बाहेर पडायचं, ही कल्पना त्यांना मानवत नव्हती.

बस वेळेवर आली. जपानात मागच्या दाराने चढतात आणि पुढच्या दाराने उतरतात, हे त्यांना आठवड्याभरात पटलं होतं. त्यांच्या मते ही पद्धत बरीच शिस्तीची होती. खिडकीची जागा मिळाली. कागद मांडीवर ठेवून त्या थांबे मोजू लागल्या. एक. दोन. तीन. बाहेर काय आहे इकडे त्यांचं लक्षही नव्हतं. आकडा चुकायला नको.

पाचव्या थांब्यावर चार म्हातारी माणसं चढली. शेवटच्या आजोबांनी दांड्याला धरलं, दार मिटलं, आणि शालनबाईंच्या उजव्या हाताने, त्यांना काही न विचारता, शेजारच्या खांबावरचं बटण दोनदा दाबलं.

तेहेतीस वर्षांची सवय ती. माणसं चढली, दार लागलं, की डबल बेल. त्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवतो तरी कसा?

टुण्ण असा गोड आवाज झाला आणि बसभरची बटणं जांभळी पेटली. इथे बटण दाबणं म्हणजे पुढच्या थांब्यावर मला उतरायचंय असं सांगणं, हे शालनबाईंच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. पुढच्या थांब्यावर बस उभी राहिली. दार उघडलं. कोणी उतरेना. पांढरे हातमोजे घातलेल्या ड्रायव्हरने आरशात बघितलं, माइकवर अदबीने काहीतरी विचारलं आणि वाट बघत बसला. मागे दुसरी बस येऊन थांबली.

भरलेली गाडी विनाकारण खोळंबून ठेवणं हे शालनबाईंच्या लेखी पाप होतं. असल्या प्रवाशांना त्यांनी जन्मभर फैलावर घेतलं होतं. आता तोंड वर करून 'चुकून दाबलं' असं सांगायला भाषा नव्हती आणि धीरही नव्हता. त्या उठल्या, ड्रायव्हरला मान लववली आणि खाली उतरल्या.

बस गेली. मांडीवरचा कागद बसमध्येच राहिला होता.

रुंद रस्ता, दोन्हीकडे सारखीच बैठी घरं, नोव्हेंबरचं स्वच्छ ऊन. कुठून आलो आणि कुठे जायचं, सगळं एका रंगाचं होऊन गेलं. पायरीवरचे ते दोन तास त्यांच्या छातीत पुन्हा उभे राहिले. हात कानामागे गेला. बोट बटणावर टेकलंसुद्धा.

थांब्यावर ऑफिसच्या कपड्यातली एक बाई उभी होती. शालनबाईंनी दोन्ही हात वर नेऊन छपराचा आकार केला, मग दगडी भिंतीचा, आणि चेहऱ्यावर प्रश्न आणला. किल्ला कुठाय? बाईला किल्ला कळला. ती हसली, मान हलवली, आणि स्वतःच्या कानामागची पट्टी दाखवली. म्हणजे हिला विचारा. हात करून दिशा दाखवा म्हटल्यावर ती जरा गोंधळून चारी बाजूंना बघू लागली. मागून आलेल्या गृहस्थांचीही तीच गत. रोज या रस्त्याने जाणारी दोन शहाणीसुरती माणसं, आणि आपल्याच गावचा किल्ला कुठे आहे ते दोघांनाही सांगता येईना.

'म्हणजे मी एकटीच नाही की,' शालनबाईंच्या मनात आलं, आणि कानामागचा हात खाली आला.

त्यांना आगारातले पहिले दिवस आठवले. नवीन कंडक्टरला मुद्दाम डोंगरातल्या अनोळखी रस्त्यावर पाठवायचे. गावांची नावं डोक्यात राहायची नाहीत, म्हणून त्या टप्प्यांना आपलीच नावं द्यायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या. मोडकी कमान. वाकडा उंबर. रागीट म्हातारीचं घर. ड्रायव्हर हसायचा, पण चौथ्या फेरीला बाईंना डोळे झाकून रस्ता सांगता यायचा.

बस ज्या दिशेने गेली, त्या दिशेने त्या चालू लागल्या. कोपऱ्यावर एक न्हाव्याचं दुकान होतं, बाहेर निळं दार. त्यांनी दाराकडे बोट केलं.

"निळं दार. पहिला टप्पा," त्या मोठ्याने म्हणाल्या.

पुढे एका अंगणात केशरी फळांनी वाकलेलं झाड. "फळवाली. दुसरा टप्पा." मग चिनी मातीचं मांजर असलेली खिडकी. तिथे त्या थांबल्या, मागे वळल्या आणि स्वतःची उजळणी घेतली. मांजर, त्याच्या मागे फळवाली, तिच्या मागे निळं दार. दोन वर्षांत पहिल्यांदाच पाठीमागचा रस्ता पाठीमागेच राहिला होता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पदराने पुसले, कारण पुढचा टप्पा बघायचा होता.

पुढच्या टप्प्याला रस्त्यावर विजेच्या तारा आडव्या दिसल्या आणि तारांखाली रूळ. ट्राम. रूळ गावात जात असणारच. प्रश्न एवढाच, की उजवीकडे की डावीकडे.

रस्त्याच्या मधोमध दोन अरुंद फलाट होते, जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीचे. दोन्हीकडच्या पाट्या ऊन खाऊन पुसट झालेल्या. शालनबाईंनी पाट्यांचा नाद सोडला आणि माणसं बघितली. डाव्या बाजूने आलेल्या ट्राममधून पाच-सहा बायका उतरल्या. सगळ्यांच्या पिशव्या फुगलेल्या, कांद्याच्या पातीचे हातभर दांडे बाहेर आलेले. समोरच्या फलाटावर टोपी घातलेल्या दोन आजी उभ्या होत्या, नीटनेटक्या, हातात घडी घातलेल्या रिकाम्या पिशव्या.

ही विद्या त्यांना कोणी शिकवावी लागत नव्हती. सकाळच्या गाडीला रिकाम्या पिशव्या जिकडे जातात, तिकडे बाजार असतो. भरलेल्या पिशव्या जिकडून येतात, तिकडेही बाजारच. त्या रस्ता ओलांडून टोपीवाल्या आजींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

ट्राम खरोखरच गावात शिरली. दुकानं उंच झाली, गर्दी वाढली. शालनबाई खिडकीतून टप्पे घेत राहिल्या: नदीवरचा पूल, मोठा चौक, काचेचा बाजार. आणि झाडांच्या वर अचानक काळं, पंखांसारखं पसरलेलं छप्पर दिसलं. त्याच क्षणी डब्यातले सगळे पर्यटक एकदम उजवीकडे कलले, फोनमधून मान वर न करता उठले आणि दाराकडे चालू लागले. ओढ लागली होती सगळ्यांना. शालनबाई तेवढ्या सरळ उभ्या होत्या. किल्ला त्यांना आधीच दिसला होता.

किल्ल्यापाशी त्यांनी वाफेवरचं एक गरम पक्वान्न खाल्लं, आत रताळ्याची चकती आणि गोड डाळ. पुरणाच्या जवळपासचंच, पण वेलदोड्यावाचून. तटाच्या पायथ्याशी मैदानात शेकडो दगड ओळीने मांडून ठेवलेले होते आणि प्रत्येकावर आकडा लिहिलेला. मोठ्या भूकंपात तट ढासळला, तेव्हापासून ते एकेक दगड ओळखून ज्याच्या त्याच्या जागी परत बसवतायत, असं केतकीने सांगितलेलं होतं. इतकी वर्षं झाली, अजून काम चालूच. शालनबाई त्या दगडांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना ते काम फार आवडलं.

बारा वाजून गेले. आता प्रयोगशाळा. तिचं नाव, स्टेशनचं नाव, ट्रामचा नंबर, सगळं त्या कागदावर होतं आणि कागद बसबरोबर गावभर फिरत होता. डोक्यात डॉक्टर मोरींचं एकच वाक्य उरलं होतं. पहिल्या भेटीत ते म्हणाले होते, माझ्या खिडकीतून किल्ल्याची पाठ दिसते.

शालनबाईंनी किल्ल्याकडे बघितलं. हे तोंड. मग पाठ टेकडीच्या पलीकडे. म्हणजे गाडी टेकडीला वळसा घालून गेली पाहिजे, आणि पूर्ण वळशात किल्ला एकाच हाताला राहिला पाहिजे. त्यांनी थांब्यावर येऊन पहिली ट्राम पकडली आणि मुद्दाम पुढे, ड्रायव्हरच्या मागे उभ्या राहिल्या.

ड्रायव्हर पन्नाशीच्या बाई होत्या. प्रत्येक सिग्नलला त्या हातमोज्यातलं बोट रोखायच्या आणि एकट्याच मोठ्याने काहीतरी म्हणायच्या. सिग्नल, बोट, शब्द. फाटा, बोट, शब्द. शालनबाई बघतच राहिल्या. हे त्यांचं स्वतःचंच काम होतं. पुढच्या वळणाला त्यांनीही बोट केलं आणि "जाड झाड" म्हणाल्या. ड्रायव्हरबाईंनी आरशातून एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावली.

एका मोठ्या वळणानंतर मात्र शालनबाईंचा चेहरा बदलला. किल्ला बाजूला राहायचं सोडून मागे पडत चालला होता. पुढच्या थांब्यापर्यंत तो पार पाठीशी गेला. गाडी वळसा घेत नव्हती, भलतीकडेच निघाली होती. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ओढलं नव्हतं. त्यांना स्वतःलाच ते कळलं होतं, आणि चुकल्याच्या भीतीपेक्षा कळल्याचा आनंद मोठा होता.

थांब्यावर त्यांनी ड्रायव्हरबाईंना हाताने किल्ला दाखवला, मुठीची टेकडी केली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्याभोवती फिरवून मागच्या बाजूला टेकवलं. मला इथे जायचंय.

ड्रायव्हरबाईंचा चेहरा उजळला. "कामी-कुमामोतो," त्या म्हणाल्या. एक बोट मागे केलं, म्हणजे एक थांबा परत. आणि तळहातावर बोटाने इंग्रजी बी काढून दाखवला, म्हणजे त्या अक्षराची ट्राम. शालनबाईंनी बी काढला. ड्रायव्हरबाईंनी मान डोलावली आणि त्या उतरताना टोपीला हात लावला. एका एसटीवालीने दुसरीला ओळखलं, असं शालनबाईंना वाटलं.

एक वाजायला आठ मिनिटं असताना त्यांनी प्रयोगशाळेचं दार ढकललं. बी ट्रामचा पूर्ण रस्ता किल्ला उजव्या हाताला होता, आणि उतरल्यावर किल्ल्याची पाठ दिसेल अशी खिडकी शोधत त्या इथवर आल्या होत्या.

केतकी दाराशीच होती. रडून तिचे डोळे लाल झाले होते. पडद्यावर तिला आई सहाव्या थांब्यावर उतरलेली दिसली होती, आणि डॉक्टरांनी फोनला हात लावू दिला नव्हता.

"आई, तू मधेच का उतरलीस?"

"मग काय करणार? डबल बेल दिली मी," शालनबाई म्हणाल्या, आणि केतकी रडता रडता हसायला लागली.

डॉक्टर मोरींनी टेबलावरचं यंत्र पुढे सरकवलं. त्यांचं जपानी त्यातून पुस्तकी मराठीत येत होतं. त्यांनी एक लांबलचक आलेख उघडला.

मेंदूत खोलवर, कानांच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो, त्यांनी सांगितलं. जागा ओळखणाऱ्या पेशी तिथे राहतात. एक पेशी चौकाची, एक दाराची. माणूस आपल्या बुद्धीने वाट शोधत असतो, तेव्हा तिथे सेकंदाला पाच-सहा ठोक्यांची एक लय उमटते आणि त्या लयीवर नकाशा विणला जातो. माणसाला कोणी हाताला धरून नेलं, की लय मंदावते. पट्टीची ओढ म्हणजे चोवीस तास हाताला धरून नेणंच. शालनबाईंच्या मेंदूत तापाने काही पेशी गेल्या, हे खरं. पण उरलेल्या पेशी दोन वर्षं निव्वळ बसून होत्या.

"हे पाहावे," यंत्र म्हणालं. डॉक्टरांचं बोट आलेखाच्या सुरुवातीवर होतं. "दहा वाजल्यापासून दहा बावीसपर्यंत. आपण बसमध्ये थांबे मोजत आहात. काहीही नाही."

रेघ सपाट होती. केतकीने श्वास रोखला.

"आपण यादीप्रमाणे आला असता, तर वेळेवर पोहोचला असता. आणि मी लिहिले असते, की यांना एकटे राहता येणार नाही." त्यांचं बोट पुढे सरकलं. "परंतु येथून पाहावे."

दहा एकतीसला रेघ थरथरली. मग उठली. निळ्या दारापाशी, फळांच्या झाडापाशी, मांजराच्या खिडकीपाशी तिला एकेक लाट आली, आणि त्यानंतर ती खाली बसलीच नाही. ट्राममध्ये लाटा दाट होत्या. किल्ला मागे पडला त्या वळणावर तर त्या कागदाच्या वरच्या रेघेला टेकल्या होत्या.

"असे जोरदार ठोके माझ्या तरुण विद्यार्थ्यांत मिळत नाहीत," यंत्र म्हणालं. "दहा एकतीसला आपण काय केलेत?"

शालनबाईंनी सांगितलं. नाव द्यायचं, बोट करायचं, मोठ्याने म्हणायचं, मागे वळून उजळणी घ्यायची. डॉक्टर मोरींनी टप्पा हा शब्द त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि आपल्या लिपीत लिहिला. त्यांच्या यादीत आणखी चाळीस रुग्ण होते. सोमवारपासून ते सगळे टप्पे घेत शहरात फिरणार होते. मग त्यांनी अहवालाच्या शेवटच्या ओळीवर सही केली. पट्टीची आवश्यकता नाही. एकटे राहण्यास हरकत नाही.

केतकीने ती ओळ दोनदा वाचली. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. आपल्या मानेवरची पट्टी काढली आणि पर्समध्ये टाकली.

"घरी मी नेते," ती म्हणाली. "बिनपट्टीची. सहा वर्षं राहते मी इथे."

बाहेर आल्यावर ती दाराशी थांबली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि लाजून आईकडे बघितलं. शालनबाई तिचा हात धरून ट्रामच्या थांब्याकडे चालू लागल्या, मग विचार बदलून हात सोडला आणि नुसत्या पुढे झाल्या.

रस्ता ओलांडतानाच विश्वजितचा फोन आला.

"आई, काय म्हणाले डॉक्टर? तळेगाववाले उत्तर मागतायत."

"त्यांना सांग, खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी गारगोटीला राहणार आहे, माझ्या घरात."

"एकटी?"

"एकटी. सही आहे डॉक्टरची."

"आणि केतकी? तिला दे जरा फोन. कुठाय ती?"

शालनबाईंनी मागे वळून बघितलं.

"येतीय मागनं," त्या म्हणाल्या. "तिला रस्ता माहीत नाही."